आपानं ऐकलेली मालिका



२०२५ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस ज्येष्ठ अभिनेते बाळ कर्वे गेले. वय पंचाण्णव. बातमी आली त्या दिवशी मला पहिला फोन आला तो आपाचा. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. ती सातारा जिल्ह्यात असते, वय त्रेसष्ट. घरात आम्ही दखनी बोलतो. ती एवढंच म्हणाली, "गुंड्याभाऊ गए रे." बाळ कर्वे हे नाव तिनं घेतलं नाही. घरातलं माणूस गेल्यावर आपण त्याचं कागदोपत्री नाव थोडंच घेतो?

दोन महिन्यांनी, २५ ऑक्टोबरला, सतीश शहा गेले. पुन्हा तिचा फोन. त्या फोनवर आमच्यात जे बोलणं झालं, त्यातून आजचं हे भाषण निघालं आहे. विषय आहे, लहानपणी आणि तरुणपणी पाहिलेल्या विनोदी कौटुंबिक मालिका आणि मुलांचे कार्यक्रम आज पुन्हा पाहताना काय वाटतं. खरं तर 'पाहिलेल्या' हा शब्दच मी जरा बिचकत वापरतो आहे. का, ते पुढे सांगतो.

आमचं गाव पुणे जिल्ह्यातलं, तालुक्याचं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी, आणि वर्षभरानं सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून ते पुण्याच्या परिसरात दिसू लागलं. ज्याच्या कौलांवर अँटेना, त्याच्या घरी संध्याकाळी निम्मी आळी. अँटेनाचं तोंड सिंहगडाकडे. वारा सुटला की एक जण कौलांवर, एक खिडकीत आणि एक टीव्हीसमोर. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" हा संवाद माझ्या पिढीला पाठ आहे.

आमच्या शेजारच्या काकूंकडे टीव्ही आला तेव्हा मी आठ-नऊ वर्षांचा होतो. लाकडी शटरचं कपाट, त्यावर भरतकामाचं कापड. आम्ही पोरं जमिनीवर, मोठी माणसं खुर्चीत, उशिरा येणारे उंबऱ्यावर. मुलांसाठी तेव्हा चार भाषांत कार्यक्रम असत. मराठीत 'किलबिल', गुजरातीत 'संताकुकडी', हिंदीत 'खेल खिलौने', इंग्रजीत 'मॅजिक लॅम्प'. आम्ही चारही पाहायचो. गुजराती कळत नव्हतं, इंग्रजी त्याहून नाही. पण पाहायला दुसरं काही नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीलाही हसता येतं हे त्या वयात ठाऊक असतं. घरी दखनी, शाळेत मराठी, मदरशात अरबीची अक्षरं आणि शेजारच्या घरात संध्याकाळी गुजराती. आज कुणी मला विचारतं, "तुम्ही मुसलमान असून मराठीत कसे लिहिता?" तेव्हा मला त्या जमिनीवरची पोरं आठवतात. त्यांना असले प्रश्न पडत नव्हते.

आणि मग आले 'चिमणराव गुंड्याभाऊ'. साल १९७७ च्या आसपासचं. चिं. वि. जोशी हे पाली भाषेचे अभ्यासक, नोकरी बडोद्याला. त्यांनी लिहिलेला हा पुणेरी कारकून पुस्तकातून उठून टीव्हीच्या काचेत आला. दिलीप प्रभावळकर चिमणराव आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. एक किडकिडीत, घाबरट, सगळ्या गोष्टींचा बारीक विचार करणारा. दुसरा दणकट, विचार न करता हात घालणारा. या दोघांना एका खोलीत उभं केलं की विनोदाला बाहेरून काही आणावं लागत नाही.

माझे अब्बा नगरपालिकेत कारकून होते. टीव्हीला ते 'वेळेचा नास' म्हणत. पण चिमणरावाच्या दिवशी ते टोपी नीट करून काकूंच्या ओसरीवर येऊन उभे राहायचे. बसायचे नाहीत. बसलं म्हणजे बघायला आलो असं होईल ना! साहेबापुढे चिमणरावाची उडालेली तारांबळ पाहिली की त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलायचं. एकदा घरी येताना ते म्हणाले, "हा आमच्याच कचेरीत असायला पाहिजे." चिमणराव पुण्याचा ब्राह्मण, आम्ही तालुक्याचे मुसलमान. पण कारकून तो कारकून. महिनाअखेर दोघांची सारखीच यायची.

आता आपाविषयी. आपा तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची. अम्मीनं तिला सांगितलं होतं, "आता मोठी झालीस, दुसऱ्याच्या घरी जाऊन बसायचं नाही." त्यामुळे ती काकूंकडे येत नसे. मी घरी परत आलो की ती मला चुलीपाशी बसवायची आणि म्हणायची, "हां, शुरू कर." मी पाहिलेलं सगळं करून दाखवायचो. चिमणराव मीच, गुंड्याभाऊ मीच, मोरूही मीच. माझं संपलं की ती उठायची, ताक घुसळायची रवी खांद्यावर टाकायची, पोटातून आवाज काढायची आणि तिचा गुंड्याभाऊ सुरू व्हायचा. श्रोतेहो, शपथेवर सांगतो, तो माझ्यापेक्षा कितीतरी बरा असायचा. न पाहिलेल्या माणसाची नक्कल ती पाहिलेल्यापेक्षा चांगली करायची. यात काही विचित्र आहे, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

पुढे १९८४ साल उजाडलं. अब्बांनी हप्त्यानं एक टीव्ही घेतला. ब्लॅक अँड व्हाइटच. देशात रंगीत दूरदर्शन १९८२ सालीच आलं होतं, पण रंग आमच्या हप्त्यात बसत नव्हता. त्याच वर्षी 'हम लोग' सुरू झाली आणि पाठोपाठ 'ये जो है जिंदगी'. ही शुक्रवारी रात्री नऊला लागायची. नवरा रणजीत, बायको रेणू, आणि त्यांच्या घरी ठाण मांडून बसलेला तिचा भाऊ राजा. शफी इनामदार, स्वरूप संपत आणि राकेश बेदी. लेखन हिंदीतले नामवंत व्यंगकार शरद जोशी यांचं, दिग्दर्शकांत 'जाने भी दो यारों'चे कुंदन शाह. आणि दर आठवड्याला नव्या सोंगात दारात उभे राहणारे सतीश शहा. पन्नासाहून अधिक भागांत पन्नासाहून अधिक माणसं त्यांनी उभी केली. आज कोण होऊन येणार, यावर आमच्या घरी पैज लागायची. पैज एका शेंगदाण्याच्या लाडवाची.

पहिल्या भागाची नावं पडद्यावर आली तेव्हा अब्बा एकदम पुढे सरकले. "इनामदार? कुठले?" हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात कुणालाही, कुठेही विचारता येतो. आमच्या भागात इनामदार हिंदूंत आहेत, मुसलमानांतही आहेत. पुढे कळलं, शफी इनामदार दापोली तालुक्यातल्या पांगरी गावचे. कोकणातले. त्यांच्या पत्नी भक्ती बर्वे, म्हणजे आपली 'ती फुलराणी'. अब्बांना याचा इतका आनंद झाला की ते महिनाभर कचेरीत सांगत होते, "तो वर्मा आहे ना, तो आपल्या दापोलीचा." दापोलीला अब्बा जन्मात गेले नव्हते. शफी इनामदार १९९६ साली अकाली गेले, तेव्हा अब्बा निवृत्त झालेले होते. त्या रात्री ते जेवले नाहीत.

या आठवणींवर माझी एक कविता आहे. संग्रहात आहे, कविसंमेलनांत मी ती अनेकदा वाचली आहे. टीव्हीसमोर एका ओळीत बसलेलं पाच जणांचं कुटुंब, काचेचा निळसर उजेड आणि पाचांचं एकच हसू, अशी ती कविता. लोकांना आवडते. कार्यक्रम संपल्यावर माणसं येऊन सांगतात, "आमच्याही घरी असंच होतं हो." दोनदा ती मी आपासमोर वाचली आहे. तिनंही टाळ्या वाजवल्या.

आता पुन्हा पाहण्याविषयी. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शननं जुन्या मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा आपण सगळेच एकदम तीस-पस्तीस वर्षं मागे गेलो. मीही गेलो. पुढे फोनवर जे जे सापडलं ते पाहत राहिलो. सगळं सापडत नाही. त्या काळी टेपा महाग, म्हणून त्या पुसून पुन्हा वापरायची रीत होती. आपल्या बालपणाचा बराच भाग असा पुसला गेला आहे.

जे उरलं आहे ते पाहताना पहिली गोष्ट जाणवते ती संथपणाची. माणूस दारातून आत येतो, चप्पल काढतो, पाणी पितो, मग बोलतो. आजच्या मुलांना हा वेळ सहन होत नाही. माझ्या मुलीनं 'मालगुडी डेज'चा एक भाग माझ्या आग्रहाखातर पाहिला आणि विचारलं, "बाबा, यात होतं काय?" मी म्हटलं, "स्वामी शाळेत जायला घाबरतो." ती म्हणाली, "बास?" मी म्हटलं, "बास." शंकर नाग यांनी आगुंब्याच्या रस्त्यांवर ती मालिका केली. तेवढ्या एका भीतीवर अर्धा तास प्रामाणिकपणे काढता येतो, यावर त्यांचा विश्वास होता. माझाही आहे. पण मुलीला तो पटवून देता आला नाही, हेही खरं.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. आपण म्हणतो, तेव्हाचा विनोद निर्मळ होता. बराचसा होताही. पण पुन्हा पाहताना काही ठिकाणी हसू अडतं. दाक्षिणात्य माणूस आला की त्याच्या उच्चारावर हसायचं. हिंदी विनोदात मोलकरीण आली की ती मराठी आणि तिचं हिंदी मोडकं. आपण मराठी माणसं त्यावर रागावायचो. पण आपल्याच मराठी विनोदात मुसलमान आला की तो बहुधा 'चाचा' असायचा, लुंगीतला, 'हमकू-तुमकू' बोलणारा. त्यावर मी लहानपणी पोट धरून हसलो आहे. माझे अब्बा शुद्ध मराठीत नगरपालिकेचे ठराव लिहीत, तरी मला त्यात काही खटकलं नाही. 'नुक्कड'मध्ये ढाबेवाला कादरभाई होता, आणि तो इतरांसारखाच एक भला माणूस होता, म्हणून तो मला आजही जवळचा वाटतो. 'वागळे की दुनिया' आर. के. लक्ष्मण यांच्या मनातून उतरली. त्यातलं अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांचं घर आमच्या घरासारखंच होतं. पण आमच्यासारखं घर, म्हणजे आत दखनी बोलणारं, बाहेर मराठीत भांडणारं, चिमणरावाला हसणारं, ते मला कुठल्याच मालिकेत दिसलं नाही. तक्रार म्हणून सांगत नाही. आज हिशेब मांडायला बसलो आहे, तर ही बाकी लिहायला हवी म्हणून सांगतो.

तिसरी गोष्ट मला आपानं शिकवली.

सतीश शहा गेले त्या दिवशी फोनवर मी तिला म्हटलं, "आपा, आठवतं का, आपण सगळे ओळीनं बसून बघायचो?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मैं कां देखी रे? मैं तो सुनी."

मला कळेना. ती म्हणाली, "नऊ वाजता भांडी कोण घासत होतं? तू?"

श्रोतेहो, आमच्या घराला दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत टीव्ही, आत स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात मोरी. मधे भिंत. आमची जेवणं साडेआठला व्हायची. नऊला मालिका लागायची, आणि नऊला खरकटं निघायचं. अम्मीला दम्याचा त्रास, थंड पाण्यात हात घालता येत नसे. म्हणजे उरली आपा. दर शुक्रवारी ती मोरीत बसून भांडी घासायची आणि भिंतीपलीकडून मालिका ऐकायची. नळ सुरू केला की आवाज बुडतो, म्हणून बादलीत पाणी आधीच भरून ठेवायची. पितळेचं पातेलं आवाज करतं म्हणून ते शेवटाला. हे सगळं तिनं मला चाळीस वर्षांनी सांगितलं, हसत हसत. मग म्हणाली, "तेरी कविता में तू मेरे कू बिठाया ना, मेरे कू अच्छा लगा. बैठी तो सही किधर तो."

१९८६ साली तिचं लग्न झालं. सासरी टीव्ही नव्हता. सासऱ्यांना तो पसंत नव्हता. आला तेव्हा तिची मुलं मोठी झाली होती आणि मालिका कधीच संपली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. मी खोटं लिहिलं नव्हतं. मला खरंच ती माझ्या शेजारी बसलेली आठवत होती. आठवणीनं परस्पर तिला मोरीतून उठवून बाहेर आणून बसवलं होतं, कारण ती तशी असती तर चित्र पुरं होणार होतं. जुन्या मालिकांच्या आठवणी आपण एकमेकांना सांगतो तेव्हा नेहमी म्हणतो, 'सगळं घर एकत्र बसून बघायचं.' मालिका सगळ्या घरासाठी होती हे खरं. पण सगळं घर बसलेलं नव्हतं.

मग मी दिवाळीनंतर तिच्याकडे गेलो. सोबत फोन आणि 'ये जो है जिंदगी'चे सापडतील तेवढे भाग. तिच्या नातवानं ते टीव्हीला जोडून दिले. आम्ही दोघं बसलो. आणि मी एक अजब गोष्ट पाहिली. तिला संवाद येत होते. रणजीत तोंड उघडायच्या आधी ती वाक्य म्हणायची. राजाचा आवाज, रेणूचं रागावणं, सगळं तिला पाठ. नवी होती ती चित्रं. "सोफा असा होता होय?" "दार उजवीकडे आहे? मला डावीकडे वाटायचं." सतीश शहा एका सोंगात आत आले तेव्हा तिनं डोळे मिटले, आवाज ऐकला आणि म्हणाली, "हां, वहीच." मग डोळे उघडून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, या मालिका नुसत्या ऐकूनही का कळत असत. त्यातली माणसं रंगभूमीवरून आलेली. शफी इनामदार नाटकाचे, दिलीप प्रभावळकर नाटकाचे. बाळ कर्वे मुंबई महापालिकेत नोकरी करून नाटकं करत. लेखक शब्दांवर जगणारे. दोन खोल्यांचा सेट, पैसा थोडा, कॅमेऱ्याची करामत जवळजवळ नाही. म्हणजे सगळा भार आवाजावर आणि वाक्यावर. कुठे थांबायचं, कुठला शब्द खाली ठेवायचा, हे त्या लोकांना ठाऊक होतं. म्हणून मोरीत बसलेल्या मुलीपर्यंत विनोद पोचला. आज आकाशवाणीवरून तुमच्याशी बोलताना मला याचं विशेष वाटतं. मला न पाहणारे तुम्ही सगळे आपाच्या बाजूचेच की!

मुलांसाठीच्या कार्यक्रमांतली एक चीजही आम्ही त्या दिवशी पाहिली. 'एक अनेक और एकता'. १९७४ ची छोटीशी कार्टून फिल्म, विजया मुळे यांनी केलेली. संगीत वसंत देसाईंचं, आणि त्यातला लहान मुलीचा आवाज साधना सरगम यांचा. एक ताई धाकट्या भावंडांना एक आणि अनेक यांतला फरक समजावून सांगते, जाळ्यासकट उडून जाणाऱ्या पाखरांची गोष्ट सांगते. दूरदर्शननं ती इतक्या वेळा दाखवली की एका पिढीला ती राष्ट्रगीताखालोखाल पाठ आहे. आपा ती पाहताना म्हणाली, "ही ताई किती निवांत बसलीय बघ बागेत." मी काही बोललो नाही.

भाग मधेच होता. आपा सवयीनं उठली. "चाय रखती." मी तिला हात धरून बसवलं आणि स्वतः आत गेलो. तिच्या स्वयंपाकघरात साखर कुठे, चहा कुठे, मला काही ठाऊक नाही. शोधाशोध चालली होती. बाहेरून आवाज येत होते. शफी इनामदार काहीतरी म्हणाले आणि आपा हसली. काय म्हणाले ते मला गॅसच्या आवाजात ऐकू आलं नाही. मी गॅस बारीक केला.

बाहेरून तिनं हाक मारली, "अरे, इधर का आया देख! लवकर ये, पुन्हा नाही यायचा तो."

चहा उतू गेला. मी तो तसाच टाकून बाहेर गेलो.

ती कविता संग्रहात आहे तशीच राहील. छापलेलं आता कुठे बदलत बसू? पण इथून पुढे ती वाचण्याआधी मी ही हकीकत सांगणार आहे. त्या ओळीत चारच जण होते. पाचवी भिंतीपलीकडे होती, आणि आमच्यापेक्षा लक्ष देऊन ऐकत होती.

तुमच्याही घरी जुन्या मालिकांच्या गप्पा निघतील. निघाल्या की आईला, आत्याला, थोरल्या बहिणीला एकदा विचारून बघा, "तू तेव्हा कुठे होतीस?" आणि सापडलाच तो भाग, तर त्यांना बसवा समोर. चहा आपण करू.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)